मान्यतेला मुदत नाही

अण्णा गेल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा वाजता 'हमरीतुमरी'वर कुणीच कुणाशी भांडलं नाही.

माणसं आली होती. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तेराशेच्या पुढे गेला होता. मिरजेपासून मस्कतपर्यंत पसरलेली ही मंडळी दर शनिवारी दहाच्या ठोक्याला हजर व्हायची, तशी आजही झाली आणि गप्प बसून राहिली. घरातलं माणूस गेल्यावर शेजारीपाजारी येतात आणि बोलायला काही सुचत नाही म्हणून सतरंजीच्या काठाकडे बघत बसतात, तसं. सांगलीला विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये वडिलांच्या टेबलाशी बसून सन्मती तो आकडा बघत होती. साडेदहाला बाराशे झाला. अकराला नऊशे.

टेबलावर दोन संगणक होते. डावीकडचा मेरू. राखाडी, गुळगुळीत, कुठे स्क्रू नाही की सांधा नाही. बिघडला तर कंपनीला परत द्यायचा आणि दुसरा आणायचा. उजवीकडचा उद्यम. चार स्क्रू काढले की त्याचं पोट उघडं पडायचं आणि कुणीही शहाणा माणूस घरी दुरुस्त करू शकायचा. मेरूवाल्यांनी चिडवायला त्याला ठोकळा म्हटलं, उद्यमवाल्यांनी ते नाव अंगावर मिरवलं. गेली बारा वर्षं हमरीतुमरीवर या दोघांवरूनच रण माजत होतं. अण्णा स्वतः कुठला वापरतात, हे मात्र कुणालाच कळलं नव्हतं. सन्मतीने दोन्ही कळफलकांवरून बोट फिरवून पाहिलं. दोन्ही सारखेच झिजलेले होते.

अण्णा, म्हणजे आदिनाथ मगदूम, तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. टाळेबंदीच्या वर्षी घरात बसून बसून त्यांनी हमरीतुमरी हे वादाचं संकेतस्थळ काढलं, त्याला आता चोवीस वर्षं झाली. कुठला फोन भारी, कुठला लॅपटॉप टिकाऊ, यावर तेव्हाही माणसं जिवावर उदार होऊन भांडत आणि तिसऱ्या वाक्याला एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचत. अण्णांनी लहानपणी जत्रेतल्या कुस्त्या पाहिल्या होत्या. मैदानात एक पिकला माणूस दोन पैलवानांचे हात धरून त्यांना शेजारी उभं करतो, वजनाला वजन बघतो आणि मगच जोड लावतो. अण्णा शुक्रवारी विषय ठरवून तशीच जोड लावायचे. नियम बरेच होते, पण मुळातला एकच. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. जुन्या वादपद्धतीत याला पूर्वपक्ष म्हणत. ते वाचून समोरच्याने 'मान्य' ही कळ दाबली, तरच तुमच्या उत्तराची चौकट उघडायची. नाही दाबली, तर पुन्हा मांडा. निम्मी भांडणं तिथेच विझायची. उरलेली अशी रंगायची की त्या यंत्रांशी काही देणंघेणं नसलेली माणसंही वाचायला यायची.

सातवा नियम नंतर आला, आणि तो मुलाणींमुळे आला. गुलाब मुलाणी म्हणजे मिरजेचे दुरुस्तीवाले, ठोकळ्याचे कट्टर. त्यांची कायमची जोड चिपळूणच्या वीणाताई बर्व्यांशी. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या आणि मेरूच्या भक्त. एकदा पूर्वपक्ष मांडून मुलाणी दोन दिवस 'मान्य'ची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी थेट फोन लावला, तो ताईंच्या पुतण्याच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना. "ताई, अक्षता मागनं टाका, आधी मान्य दाबा!" त्यानंतर अण्णांनी लिहून ठेवलं: मान्यतेला मुदत नाही. मैदानाबाहेर, फोनवर, प्रत्यक्ष भेटीत किंवा दुसऱ्याकरवी आठवण करून देऊ नये.

लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीखाली अण्णा आपल्या नावाऐवजी 'स्यात्' अशी सही करत. जैन तर्कातला शब्द. एका परीने असंही असेल, एवढाच त्याचा अर्थ.

*

साडेअकराला मुलाणी घरीच आले. साठीचे, खांद्याला अवजारांची पिशवी. बसले, पाणी प्यायले आणि खिशातून फोन काढून टेबलावर उभा केला. त्यात वीणाताई होत्या.

"सनूताई, आम्ही दोघं एक विचारायला आलोय," मुलाणी म्हणाले.

"दोघं नाही. हे आलेत. मी यांना अडवायला आल्येय," फोनमधून आवाज आला.

"ऐका तर. पुण्यात ती प्रतिसाद नावाची कंपनी आहे बघा. गेलेल्या माणसाची छाया करून देते. म्हणजे फोटोबिटो नव्हे. लिहिलं की उत्तर देते, त्या माणसासारखं. सरांची चोवीस वर्षांची लिखापढी हितं पडलीय. त्याची छाया केली तर शनिवार सुरू राहील."

"मुलाणी, तुम्हाला मेलेला पंखासुद्धा टाकवत नाही."

"का टाकायचा? वाइंडिंग भरलं की फिरतोय."

"आणि निखळून डोक्यात पडला की?"

"तुमच्या मेरूसारखं झाकण लावून बसायचं का मग? आत काय जळलंय ते बघायचंच नाही?"

"बघायचं नाहीच! प्रत्येक गोष्ट उचकटलीच पाहिजे असं..."

"आधी त्यांचं म्हणणं मांडा," सन्मती म्हणाली.

दोघंही थांबले. सन्मतीही थांबली. हे आपण बोललो की कुणी दुसरं, असं तिला क्षणभर वाटलं. आवाज तिचाच होता, वाक्य अण्णांचं.

वीणाताईंनी घसा साफ केला. "मुलाण्यांचं म्हणणं असं," त्या सावकाश म्हणाल्या, "की बिघडलेली वस्तू उघडूनसुद्धा न बघणं म्हणजे तिच्यावर आपली मायाच नव्हती."

मुलाणी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "मान्य," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताईंचं म्हणणं, काही वस्तू बंद असतात त्या आत काही नाही म्हणून नव्हे. आतलं जसंच्या तसं राहावं म्हणून."

"मान्य," फोन म्हणाला.

जाताना मुलाणी दारात चपला घालत म्हणाले, "बरोबरीत सुटली म्हणायची. आता तुम्हीच काय ते ठरवा."

सन्मतीचं दुपारपर्यंत ठरलं होतं. शनिवारचं तिला फारसं काही नव्हतं. बारा वाजता जेवायला बसताना तिने या घरातल्या जुन्या सवयीने दोन ताटं घेतली होती, त्यातलं एक परत फडताळात ठेवताना तिने ठरवलं.

*

प्रतिसादमधल्या रेवती नाईकवडी तिच्याच वयाच्या होत्या. चाळिशीच्या अलीकडच्या. हळू बोलायच्या आणि अवघड गोष्ट सांगताना पेन हातात घ्यायच्या.

"लोकांना वाटतं, माणसाने जे जे लिहिलं ते सगळं यंत्राला वाचायला दिलं की झालं," त्या पडद्यावरून म्हणाल्या. "पण होकार सगळ्यांचे सारखेच असतात हो. 'छान', 'बरोबर', 'अगदी खरं'. त्यातून माणूस ओळखू येत नाही. माणूस वेगळा दिसतो तो 'नाही' म्हणताना. कशावर अडतो, किती वेळ ताणतो, कुठे सोडून देतो, सोडताना शेवटचा शब्द कुठला टाकतो. किनाऱ्याचा आकार पाणी जिथे आपटतं तिथे कळतो, तसं."

मग त्यांनी रीत सांगितली. यंत्रापुढे त्या माणसाने पूर्वी ऐकलेलं एक वाक्य ठेवतात आणि विचारतात, यावर तो काय म्हणाला असेल? यंत्र अंदाज करतं. तो त्याच्या खऱ्या उत्तराशी ताडून बघतात. चुकेल तेवढं यंत्राच्या आतलं गणित किंचित हलवतात आणि पुन्हा विचारतात. चारपाच हजार विरोधांवर असं लाखो वेळा घासलं की अंदाज आणि माणूस यांच्यातलं अंतर इतकं कमी होतं की त्याच्या बायकोलाही तितकं जवळ जाता आलं नसतं. याच शोधामुळे जुने वादविवादाचे कट्टे एकाएकी मोलाचे ठरले होते. मुलाणींचे एकतीस हजार विरोध नोंदलेले होते. वीणाताईंचे अठ्ठावीस हजार. ती दोघं वाटेल तेव्हा अमर होऊ शकत होती.

"आणि अण्णांचे?"

रेवतींनी पेन खाली ठेवलं. "अकरा. त्यातले सात भारनियमनाबद्दल आहेत."

तरी त्यांनी जेवढं होतं तेवढ्यावर एक छाया करून पाठवली. संचालक म्हणून चालेल, म्हणाल्या. सन्मतीने दार लावून घेतलं, खुर्चीवर नीट बसली आणि लिहिलं, 'अण्णा, मी सनू.'

'नमस्कार. आपण कुणाच्या बाजूने बोलणार आहात?'

'कुणाच्या नाही. जेवलात का?'

'या विषयावर अद्याप कुणी बाजू मांडलेली नाही. शनिवारपर्यंत थांबू. स्यात्.'

तिला आधी हसूच आलं. मग ती बराच वेळ ओंजळीत तोंड धरून बसली. कारण हे चुकीचं नव्हतं. हे अगदी अण्णांसारखंच होतं, आणि याच अण्णांवर ती आठ वर्षं रागावलेली होती.

*

आठ वर्षांपूर्वी आईच्या स्वादुपिंडावर गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाण्याची भीती, नाही केलं तर वर्षभराची सोबत. डॉक्टर म्हणाले, घरी विचार करून सांगा. संध्याकाळी आईने अण्णांना विचारलं, "काय करू हो मी?"

अण्णांनी एक कोरा कागद घेतला. मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे करण्याची बाजू, उजवीकडे न करण्याची. तासभर बसून, चार ठिकाणांहून माहिती काढून, एकही बाजू जड होणार नाही अशा नेमक्या शब्दांत त्यांनी कागद भरला आणि आईच्या हातात दिला. आईने वाचला. "छान लिहिलंय," म्हणाली. घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला. मग रोज उद्यावर ढकलत राहिली, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली.

ती गेल्यावर चार आठवड्यांनी सन्मती बेंगळुरूला निघाली. मेरूच्याच कारखान्यात तिला काम मिळालं होतं. यंत्राचं आवरण सांधा न दिसता कसं मिटवायचं, ते ठरवणाऱ्या गटात. दारात बॅगा ठेवलेल्या असताना अण्णा म्हणाले, "म्हणजे झाकणं लावायला चाललीस." त्यांना विनोद करायचा असेल. ती मात्र भडकली.

"अण्णा, आईला एक बाजू हवी होती. तुम्ही दोन्ही दिल्यात."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग म्हणाले, "रिक्षा आलीय."

त्यानंतर बोलणं तुटलं असं नाही. दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा. पाणी येतंय का, तिकडे थंडी किती, गुडघ्याचं तेल संपलं. शेवटी ते विचारायचे, "बाकी काही?" आणि थांबायचे. दहापंधरा सेकंद काही ऐकू यायचं नाही. सन्मतीला वाटायचं रेंज गेली. "काही नाही अण्णा," ती म्हणायची. "बरं. ठेवतो."

रेवतींनी विचारलं, ते कधी कुणाशी मनापासून भांडले का, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. "माझ्याशीच. पण तेही एकाच वाक्याचं. आणि त्यांनी उत्तर दिलं नाही."

"लेखी काही नाही?"

"काही नाही."

*

दोन दिवसांनी भर दुपारी रेवतींचा फोन आला. या वेळी त्यांच्या हातात पेन नव्हतं.

"सन्मती, हमरीतुमरीच्या साठ्यात एक खासगी जोड सापडलीय. क्रमांक ११४७. तुम्ही सभासद आहात ना तिथे?"

होती. पंधरा वर्षांची असताना अण्णांनीच तिचं नाव घातलं होतं, चौथी सभासद म्हणून. कॉलेज संपल्यावर ती तिथे गेली नव्हती. तिथल्या सूचना ज्यावर यायच्या तो ईमेलचा पत्ताही केव्हाच बंद पडला होता.

तिने परवलीचा शब्द आठवून पाहिला. आईचं नाव, कांचन, आणि तिचं जन्मसाल. दार उघडलं.

जोड क्रमांक ११४७. आदिनाथ मगदूम विरुद्ध सन्मती मगदूम. विषय: कांचनचा कागद. स्थिती: मान्यतेची वाट. तारीख पाच वर्षांपूर्वीची.

खाली पूर्वपक्ष होता. त्यांनी तो चौदा वेळा दुरुस्त केला होता आणि सगळे खर्डे एकाखाली एक राहिले होते.

पहिल्यात लिहिलं होतं: 'सन्मतीचं म्हणणं असं की तिला मोठ्या कंपनीत काम करायचं होतं आणि मी त्याची थट्टा केली.'

चौथ्यात: 'सन्मतीचं म्हणणं असं की मी पुरेशी माहिती गोळा केली नाही.' त्याखाली त्यांनी स्वतःच टीप टाकली होती, 'हे तिचं म्हणणं नव्हे. हे माझ्या सोयीचं आहे.'

अकराव्यात: 'मी कागद देऊन खोलीबाहेर गेलो. मी दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद करायला गेलो होतो. (हे पूर्वपक्षात बसत नाही. काढावं.)'

चौदावा खर्डा ते जाण्याच्या अकरा दिवस आधीचा होता.

'सन्मतीचं म्हणणं असं: आईने विचारलं तेव्हा दोन बाजू आहेत हे तिला माहीत होतं. त्या मोजून तिला नको होत्या. कुणीतरी एका बाजूला येऊन तिच्याशेजारी बसायला हवं होतं. ती बाजू चुकीची निघाली असती तरी चाललं असतं. अण्णा मधोमध उभे राहिले, म्हणून आई एकटी पडली. नंतर मीही. चुकलं असेल तर सांग, सनू. दुरुस्त करीन.'

सही 'स्यात्' नव्हती. 'अण्णा' होती.

सन्मतीने तारखा पुन्हा वाचल्या. पाच वर्षं. दोनशेसाठ रविवार. प्रत्येक रविवारी ते विचारत होते, बाकी काही? फोनवर आठवण करून द्यायची नाही हा त्यांचाच नियम होता. स्वतःच्या मुलीसाठीही त्यांनी तो मोडला नाही. नियम न मोडता जेवढं विचारता येतं तेवढं विचारायचे, आणि तिने काही म्हणावं म्हणून थांबायचे. रेंज गेलेली नसायची.

*

"मला आणखी एक सांगायचंय," रेवती म्हणाल्या. "अण्णांनी ही प्रणाली स्वतः लिहिली होती. खर्डा लिहिताना वीज गेली तर जाऊ नये म्हणून दाबलेली प्रत्येक कळ साठवायची सोय केलीय. त्यात पुसण्याच्या कळाही आहेत. या एका जोडीत त्यांनी सहा हजारांवर वेळा लिहिलेलं पुसलंय. आमच्या दृष्टीने तो विरोधच. माणूस स्वतःशी भांडला तरी भांडणच ते."

"म्हणजे?"

"म्हणजे आता खरी छाया होऊ शकते. संचालकाची नाही, वडिलांची. तुम्ही 'मान्य' दाबलंत की त्यांच्या नावाची चौकट उघडेल. छाया तिथे उत्तर लिहील." त्यांनी पेन हातात घेतलं. "हवं असेल तरच."

सन्मतीला हवं होतं. दारातल्या त्या ओठांच्या हालचालीचं पुढे काय होणार होतं, ते तिला आठ वर्षं हवं होतं. तिने हो म्हटलं.

गुरुवारी दुपारी छाया तयार झाली. खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं, मेरूवर चकाकत होतं आणि ठोकळ्याच्या जाळीत शिरत होतं. रेवती फोनवर होत्या. सन्मतीने चौदावा खर्डा शेवटचा वाचला. त्यात दुरुस्त करायला काही नव्हतं. तिने 'मान्य' दाबलं.

पांढरी चौकट उघडली. वर नाव आलं, आदिनाथ मगदूम. खाली काळी उभी रेघ लुकलुकू लागली.

'सनू,' असं उमटलं.

तिने टेबलाची कड धरली.

'सनू, तुझी आई' असं झालं. रेघ थांबली. मग मागे सरकू लागली, एकेक अक्षर खात. 'सनू,' एवढंच राहिलं.

'सनू, मला वाटत होतं की करावं' असं झालं. थांबलं. पुसलं.

'सनू, मी घाबरलो' असं झालं. पुसलं. 'मी त्या दिवशी' असं झालं. पुसलं. 'दूध' एवढंच आलं आणि तेही गेलं.

पाऊण तास ती बघत होती. वाक्य एकही पुरं झालं नाही. पण त्यातली थांबण्याची जागा, थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची ती चिकाटी तिच्या ओळखीची होती. लहानपणी तिची गणितं तपासताना अण्णांचं पेन्सिल धरलेलं बोट असंच अधांतरी थांबायचं. आता ते तिच्यासमोर होतं आणि तिला त्याला हात लावता येत नव्हता.

"हे अडकतंय," रेवती फोनवर म्हणाल्या. "पुसण्यावरच शिकलंय ना. मी पुसण्याचं प्रमाण कमी करू शकते. मग सरळ लिहील."

"काय लिहील?"

"जे सगळ्यात जास्त वेळा लिहिता लिहिता राहिलं, ते."

"ते अण्णांचं असेल की गणिताचं?"

रेवती प्रामाणिक होत्या. "ते वेगळं काढून दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या.

पडद्यावर पुन्हा 'सनू,' उमटलं होतं. सन्मतीने हात पुढे केला, जसा झोपलेल्या माणसाच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायला करतात.

"बंद करा, रेवती. पुष्कळ पुसलंय त्यांनी. आता थांबू दे त्यांना."

"छाया ठेवू की काढून टाकू?"

"काढून टाका."

रेघ नाहीशी झाली. चौकट रिकामी, वर तेवढं नाव.

*

संध्याकाळी वीणाताईंचा फोन आला. झालेलं तिने थोडक्यात सांगितलं. ताई म्हणाल्या, "मुलाण्यांना सांगू नकोस हो. म्हणतील, बघा, ताई जिंकल्या." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला काय वाटतं, काय उत्तर दिलं असतं त्यांनी?"

"मला नाही सांगता येणार."

"उत्तर नको सांगूस. तुझी पाळी कसली आहे ते तरी बघ. त्यांनी तुझं मांडलं. तू त्यांचं मांडलंस का?"

फोन ठेवल्यावर सन्मतीने आईचं चष्म्याचं घर शोधलं. कपाटात, खालच्या खणात होतं. कागद घड्यांवर पिवळा पडला होता. तिने तो पहिल्यांदाच वाचला. आठ वर्षं या कागदाशी भांडून तो तिने वाचलेला नव्हता. डाव्या रकान्यात शेवटची ओळ होती, 'यशस्वी झाल्यास पुढे दहा वर्षंही.' उजव्या रकान्याची शेवटची ओळ होती, 'वर्षभर तरी घरी, आपल्यात.' तिने दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग ११४७ उघडली, आपल्या नावाखालची चौकट घेतली आणि लिहू लागली.

'अण्णांचं म्हणणं असं: कांचनने मला विचारलं तेव्हा माझी एक बाजू होती. पण मी ती बोललो असतो तर तिने ती ऐकली असती. कर म्हटलं असतं आणि ती टेबलावरून उठली नसती, तर माझ्या शब्दाने गेली असती. नको म्हटलं असतं, तर माझ्या शब्दाने हळूहळू गेली असती. मला भीती वाटली. म्हणून मी कागद घेतला, कारण कागदावर दोन्ही रकान्यांत ती जिवंत होती. मुलगी दारात बोलली तेव्हाही माझ्याकडे उत्तर होतं. पण आधी तिचं म्हणणं तिला पटेल असं मांडता यायला हवं होतं, आणि ते जमायला मला पाच वर्षं लागली. चुकलं असेल तर सांगा, अण्णा. दुरुस्त करीन.'

तिने 'सादर' दाबलं. प्रणालीने नेहमीप्रमाणे आपलं काम केलं. स्थिती बदलली. मान्यतेची वाट. त्याखाली बारीक अक्षरांत तो जुना नियम आला: मान्यतेला मुदत नाही.

*

शुक्रवारी तिने बेंगळुरूला कळवलं की ती महिनाभर इथूनच काम करील. मग विषय ठरवला. शनिवारी दहाला अकराशे माणसं होती, आणि मैदानात मुलाणी आणि बर्वे. विषय होता, गेलेल्या माणसाचं यंत्र कुणी उघडावं का. दहा वाजून चार मिनिटांनी मुलाणींनी वीणाताईंना अडाणी म्हटलं. सन्मतीने लिहिलं, 'आधी त्यांचं म्हणणं मांडा.' सही काय करावी, यावर ती थोडी अडली. मग नुसतं 'सन्मती' लिहिलं. तिची स्वतःची बाजू असायची, आणि ती लपवायचा तिचा विचार नव्हता. दुपारपर्यंत आकडा सोळाशेवर गेला. मुलाणींनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की त्यांना दोनदा 'मान्य' दाबावं लागलं, आणि हे सरांच्या काळात कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता तिने ११४७ उघडली. आपलं लिहिलेलं एकदा वाचलं. 'मला भीती वाटली' या वाक्यावर ती अडली. ते पुसून तिने 'मला भीती वाटत राहिली' असं केलं. जतन केलं.

"बाकी काही?" ती म्हणाली.

आणि फोनवर अण्णा थांबायचे तेवढा वेळ थांबली.